लढाई सुकेळीच्या दिवसांत झाली

एकाहत्तरची लढाई कधी झाली असं कुणी विचारलं, की माझे वडील, नाना, तारीख-महिना सांगत नसत. "सुकेळीच्या दिवसांत झाली," म्हणत. सांडोरच्या आमच्या आळीत एवढं उत्तर सगळ्यांना पुरायचं. सुकेळी घालायची, म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, वाळवायची, तर हवा कोरडी लागते, दुपारचं ऊन कडक लागतं आणि रात्री पांघरूण ओढावंसं वाटेल इतका गारवा लागतो. वसईला असे दिवस नाताळाच्या पुढेमागेच मिळतात. त्या वर्षी घरच्यांनी नानांशिवाय सुकेळी घातली. नाना तेव्हा बंगालच्या सरहद्दीवर, फौजेच्या एका फील्ड हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट होते. वय बाविशीच्या आसपास. "इकडे तुझी आजी केळी उलटत होती, तिकडे मी माणसं उलटत होतो," असं ते एकदा मला म्हणाले होते. मग आपलंच बोलणं न आवडल्यासारखे उठून पाटाला पाणी सोडायला गेले.

परवा इनासकाकांनी सुकेळीचा पुडा पाठवला. आमच्या आळीत आता ते एकटेच सुकेळी घालतात. केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपाच्या, केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधलेला तो पुडा मी ओट्यावर ठेवला आणि दोरी सोडली. आमचा ओटा आता स्वयंपाकघरातला, काळ्या ग्रॅनाइटचा. पूर्वी ओटा म्हटलं की घरापुढचा, शेणाने सारवलेला, सकाळचं ऊन ज्याच्या कडेपर्यंत येऊन थांबायचं तो. पण वास तोच आला. गुळाचा म्हणावा तर गुळाचा नाही, मधाचा म्हणावा तर मधाचा नाही. त्यात वाळलेल्या पानाचा थोडा कडवटपणा, आणि का कोण जाणे, मला स्पिरिटचाही वास आला. पुड्याला स्पिरिटचा वास येणं शक्य नव्हतं. तो माझ्या डोक्यातून आला असावा. किंवा आतल्या खोलीतून, जिथे नाना उशीवर पाय ठेवून पडले होते.

त्या पायाबद्दल आधी लिहायला हवं. ते टाळून सुकेळीबद्दल गोड गोड लिहीत बसलो तर ते खोटं होईल.

आई गेल्यावर मी नानांना सांडोरच्या घरातून उमेळ्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. सातवा मजला, गुळगुळीत फरशी. त्यांना मधुमेह आहे, पायांची जाणीव बरीचशी गेली आहे. थंडी सुरू झाली तसे ते रोज म्हणायला लागले, "पाय गार पडतात रे. सारवलेल्या जमिनीवर पडत नव्हते." ते तक्रार म्हणून म्हणत नसत, हवामान सांगावं तसं सांगत. मला मात्र ती तक्रार वाटायची. मी त्यांना तिथून उचलून आणलं होतं. एका संध्याकाळी मी गरम पाण्याची पिशवी भरली आणि त्यांच्या पायांशी ठेवली. त्यांच्या पायांना शेक द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. नानांना तपासायला नेलं त्या दिवशी त्यांच्याबरोबर मी एकटाच होतो, नाना बाहेर बाकावर बसले होते, ते वाक्य फक्त माझ्याशी बोललं गेलं होतं. मला ते आठवत होतं. तरीही मी पिशवी ठेवली, कारण रोज ते "गार पडतात" ऐकणं मला सहन होत नव्हतं. सकाळी त्यांच्या डाव्या पायावर, बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंत, पाण्याने टच्च भरलेला फोड होता. त्यांना काही कळलंच नव्हतं.

फोड फुटला, जखम खोल निघाली. "आता सगळं पट्टीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "रोज, स्वच्छ, न चुकता. चिघळली तर बोटं वाचवता येतील असं मी सांगू शकत नाही."

पट्टी बदलायला एक ब्रदर यायचे, पोटासाठी केरळातून इथे आलेले, कामात चोख. ते आले की मी गॅलरीत जायचो. खाली एक वाडी दिसते, म्हणजे अर्धी. उरलेल्या अर्ध्या भागाभोवती बांधकामाचे पत्रे लागलेत. मी त्या पत्र्यांकडे बघत उभा राहायचो आणि आतून चिमटा ट्रेवर आपटल्याचा आवाज आला की डोळे मिटायचो. वीणा, माझी बायको, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ते तुला शोधतात. मान वळवून दाराकडे बघतात." पिशवी मी भरली हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला आधी बजावलेलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नानांनी मला एकदाही विचारलं नाही, की हे कसं झालं.

विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. कारण ते कधीच कुणाला विचारत नसत.

सुकेळीचे सगळे हंगाम आठवणीत एकमेकांत मिसळलेत, पण एक वेगळा उरला आहे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. नाना फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी ओट्यावर दोन कामं चालत आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी माणसं, मग केळी. कुदळ लागलेले, विळा लागलेले, माशाचा काटा रुतून हात सुजलेले, स्टोव्हवर पोळलेले, असे कोण कोण ओट्याच्या पायरीवर येऊन बसायचे. टाके घालण्यासारखं असलं की नाना धुऊन, बांधून, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवत. बाकीच्यांना पट्टी. निळ्या काठाचा पांढरा ट्रे, उकळलेला चिमटा, जांभळं औषध. ते आटोपलं की विहिरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग अंगणातल्या मांडवाकडे. मांडवावर चटया, चटयांवर सोललेली केळी, आणि सगळ्यावर नानांनी फौजेतून आणलेली हिरवी मच्छरदाणी. जाळीबाहेर मधमाश्या घोंघावत असायच्या. आई म्हणायची, "केळ्यांना मच्छरदाणी नि आम्हाला गोधडी."

पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला नानांचा एकच प्रश्न असायचा, "कुठं लागलंय?"

त्या हंगामात इनासकाका रोज येत. त्यांनी स्वतःचं फावडं स्वतःच्याच पावलावर मारून घेतलं होतं.

"काय इनास, कुठं लागलंय?"

"दिसत नाय होय? एवढं फडकं पायाला गुंडाळलंय, कपाळाला नाय!"

"बोट हलव."

"हलतं. मी सांगतो सुभेदार, ऊन डोळ्यावर आलं, नाहीतर माझा नेम..."

"हवालदार होतो मी. आणि नेमाचं मी विचारलं नाही."

"गावानं तुला बढती दिलीय, घे की मुकाट. आणि नेमाचं तू विचारत नाहीस म्हणूनच सांगतोय. घरात बायको सारखी विचारते."

फील्ड हॉस्पिटलात म्हणे हाच नियम होता. कुठं लागलंय आणि लागून किती वेळ झाला. कसं लागलं, कुणामुळे लागलं, कुणाची चूक, हे विचारायचं नाही. एक तर वेळ नसतो. दुसरं, नाना सांगत, "जो सांगणार त्याचा श्वास त्यात जातो." तंबूत शत्रूकडचेही जखमी यायचे. त्यांनाही तोच प्रश्न, हिंदीत. "चोट कहाँ है?" उत्तर दोन्हीकडच्यांचं सारखंच असायचं, हाताने दाखवलेलं.

मला तेव्हा हे फार मोठं वाटे. आईला वाटत नसे. राजोडीची हिराबाई नावाची कोळीण मासे विकायला आमच्या आळीत यायची. त्या हंगामात ती तिसऱ्यांदा पायरीवर बसली होती. या वेळी मनगट सुजलं होतं आणि ओठ फुटला होता.

"कुठं लागलंय?" नाना म्हणाले.

"हातालाच. पानी भरताना पडले."

नानांनी मनगट चाचपलं, फळी बांधली, गळ्यात झोळी अडकवून दिली आणि हाडाचा फोटो काढायला दवाखान्यात जायला सांगितलं. ती पाटी उचलायला वाकली तेव्हा आई दारातून म्हणाली, "पाटी राहू दे." मग नानांना, "तुम्ही विचारलंत का, कसं लागलं?"

"ती म्हणाली ना, पडली."

"तिसऱ्यांदा? दर वेळी हिची विहीर हिला पाडते? तुमच्या तंबूत गोळी एकदा लागून माणूस पुढे जायचा. इथे बांधून तुम्ही परत त्याच ठिकाणी पाठवताय."

हिराबाई घाबरून म्हणाली, "कोनी मारलं नाय वयनी, खरंच नाय."

"मारलं असं मी कुठे म्हटलं?" आई म्हणाली. मग ती पायात वहाणा घालून तिच्याबरोबर निघाली. आधी दवाखाना, मग राजोडी. संध्याकाळी परत आली. तिथे काय झालं ते तिने आम्हा मुलांना सांगितलं नाही, पण हिराबाई पुढचा महिनाभर तिच्या भावाच्या घरून मासे घेऊन यायची आणि आईसाठी बाजूला बोंबील काढून ठेवायची. नाना त्या संध्याकाळी मांडवापाशी बराच वेळ उभे होते. केळी गोळा करायची वेळ होऊन गेली, दव उतरायला लागलं, तरी हात लावेनात. शेवटी आईच म्हणाली, "केळी भिजतील. चला, मी धरते."

दव लागता कामा नये, हे त्या दिवसांचं सगळ्यात मोठं पथ्य. दिवसभर उन्हात ठेवलेली केळी सूर्य कलला की उचलायची, सुक्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची, उलटायची. पिवळट केळं आधी करडं होतं, मग तपकिरी, मग अंगावर सुरकुत्या धरतं आणि आत मध साठल्यासारखं चमकतं. घाई केली तर वरून सुकतं नि आत आंबतं. नाना म्हणत, जखमेचंही असंच आहे. वरून बंद झाली म्हणजे बरी झाली असं नाही. मला दोन्ही कामांत गोडी नव्हती. जखमा बघवत नसत, केळी चिकट लागत. पण शेवटचं काम, पुडे बांधायचं, मला आवडायचं, कारण ते बसून करायचं होतं आणि तेव्हा नाना बोलायचे.

पुडे बांधण्याची त्यांची रीत गावात कुणाची नव्हती. इतर लोक पानात गुंडाळून सोपाची दोरी दोनदा फिरवून गाठ मारत. नाना दोरी पट्टीसारखी चढवत न्यायचे, प्रत्येक वेढ्याला अर्धी घडी उलटी देत, आधीचा वेढा अर्धा झाकत, आणि शेवटी चपटी गाठ, तीही बाजूला. जखमेवर गाठ मारायची नसते. इनासकाका पायरीवरून ओरडायचे, "नानाची सुकेळी म्हणजे पेशंट! प्लास्टर काढल्याशिवाय खाता येत नाय!" बाजारात मात्र व्यापारी नानांचे पुडे लांबूनच ओळखायचे.

त्या हंगामात पुडे बांधताना त्यांनी मला फील्ड हॉस्पिटल कसं चालतं ते सांगितलं. आमच्या पाटाच्या पाण्यावरून सांगितलं. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी जायचं तर मधला एकही वाफा तुंबता कामा नये. जखमी माणसाचंही तसंच. गोळी लागली तिथे जवळचाच कुणी रक्त थांबवतो. मग स्ट्रेचरवाले पलटणीच्या डॉक्टरकडे आणतात. तिथून ड्रेसिंगच्या ठाण्यावर, तिथून फील्ड हॉस्पिटलात, तिथून गाडीने मोठ्या इस्पितळात. प्रत्येकाने आपल्यापुरतं करायचं आणि पुढे सोडायचं. सगळं आपल्याच हाताने करायला गेलास तर मागचे मरतात. आणि आल्या आल्या निवड करायची. ओरडणारा थांबू शकतो, त्याच्याकडे श्वास आहे. गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं.

"आणि जे वाचणारच नाहीत?" मी विचारलं होतं.

"त्यांना कडेला ठेवायचं. सावलीत. एकटं नाही ठेवायचं. माझी पहिली ड्यूटी तीच होती. बसायची. नवीन होतो, टेबलाजवळ काय कामाचा?"

हॉस्पिटल एका शाळेत होतं, पुढे तंबू लावलेले, मागे केळीची बाग. जखमी बैलगाड्यांतून यायचे, होड्यांतून यायचे. भाजलेले बरेच होते. त्यांच्या जखमांना जाळीचं कापड चिकटायचं आणि बदलताना नवी आलेली कातडी घेऊनच निघायचं. त्यातून कापडही कमी पडायला लागलं. सर्जन मेजरसाहेब बंगाली होते, केळीच्या पानावर जेवून वाढलेले. त्यांनी मागच्या केळींकडे बोट केलं आणि नानांनी सुरी उचलली. कुणी कुणाला काही समजावलं नाही. न उलगडलेली कोवळी सुरळी कापायची, मधला दांडा काढायचा, पान न फाटेल असं धुवायचं, कापडाच्या घडीत घालून वाफवायचं, गार झालं की गुळगुळीत बाजू जखमेकडे. पान चिकटत नाही. "पण वास घरचा यायचा," नाना म्हणाले. "तंबूत रक्त, मलमूत्र, ईथर, आणि त्या सगळ्यात केळीच्या पानात भाजलेली पानगी उघडल्यावर येतो तो वास. मला भूक लागायची आणि लाज वाटायची."

न वाचणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्याजवळ कडेला ठेवलेला होता. उत्तरेकडचा, गव्हाच्या मुलखातला. त्याने विचारलं, तुमच्या गावाला आता कसले दिवस? नानांनी सांगितलं, सुकेळीचे. ते काय असतं, तो म्हणाला. नाना सांगायला लागले. राजेळीचा घड कधी उतरवायचा, कसा पिकवायचा, सोलताना शिरा कशा काढायच्या, मांडव कसा घालायचा, दव लागू द्यायचं नाही, रोज उलटायची. तो मान हलवत होता, मध्येच म्हणाला, "फिर?" नाना केळ्याच्या रंगापर्यंत आले, चमकेपर्यंत आले.

"मग?" मी विचारलं.

"बांधायचं सांगायचं राहिलं," नाना म्हणाले, आणि हातातल्या पुड्याची दोरी त्यांनी ओढून घट्ट केली.

त्याच हंगामात आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. पुण्याहून आलेले पाहुणे होते, त्यांना बुरूज दाखवायचे होते. माझ्या मावसभावाने उत्साहाने सांगितलं, इथे मराठ्यांनी सुरुंग लावले, इथून भिंत पडली, इथून माणसं घुसली. नाना सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "जखमी कुठे ठेवले असतील?"

मावसभाऊ गडबडला. "जखमी? ते... म्हणजे छावणीत."

"छावणी कुठे? पाणी कुठलं?" नाना बुरुजावर उभे राहून उत्तरेकडे बघत राहिले. "इथे वाळू तापते. इथे नाही ठेवणार. डोलीत घालून मागे नेणार. झाडं हवीत, गोडं पाणी हवं. जर्राह असणार बरोबर, टाके घालणारे, हाड बसवणारे. पट्टीला काय, धोतरं फाडली असतील." आणि मग अगदी सहज म्हणाले, "आपल्या बाजूलाच आणले असतील. सांडोरच्या विहिरी गोड्या."

पाहुणे हसले. मी नाही हसलो. परत येताना वाडीत शिरलो तेव्हा केळींखाली ती दाट, ओलसर सावली होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथे कुणीतरी झोपलेलं असू शकतं. पुस्तकांत किल्ला पडतो आणि प्रकरण संपतं. ज्यांचे पाय गेले ते कुठल्या विहिरीचं पाणी प्यायले, कुणी त्यांची फडकी धुतली, कोण शेजारी बसलं, ते शोधावं लागतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा लढाईत एका शल्यवैद्याने हलक्या गाड्या करून, लढाई चालू असतानाच जखमी उचलायला सुरुवात केली, आणि हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावला, हे मी पुढे कधीतरी वाचलं. वाचताना मला आमचा ओटा आठवला. सरपंच आला तरी त्याला पायरीवरच बसावं लागायचं, दुसऱ्या कुणाचं रक्त वाहत असेल तर.

हे सगळं मला इतकं नीट आठवतं. सांगायला मला आवडतंही. ऑफिसात, लग्नाकार्यात, मी नानांच्या गोष्टी सांगत आलो आहे, जणू त्या सांगून त्यातलं काहीतरी माझं होऊन जातं. आणि आता ते स्वतः आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडले होते आणि मी गॅलरीत पत्रे बघत होतो. बसायची ड्यूटीसुद्धा मला जमत नव्हती.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात ब्रदर म्हणाले, बहिणीचं लग्न आहे, गावी जातो. दुसरं कुणी मिळेना. मी फोनवर फोन करत होतो तेव्हा नाना आतून म्हणाले, "कशाला शोधतोस? तू आहेस की." मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव." मला वाटलं, दुसरा माणूस मागणार. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, केळीचं पान वापरलं तर चालेल का. डॉक्टर तरुण होते, हसले. "आम्हीही शिकताना भाजलेल्यांच्या वॉर्डात वापरलंय, नाना. चालेल, पण वाफवून, एकदम स्वच्छ. आणि रोज मला फोटो पाठवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी इनासकाका रिक्षाने आले. ऐंशीच्या घरातला माणूस, काखेत केळीच्या सुरळ्यांची मोळी. दारात उभे राहून धापा टाकत म्हणाले, "तुमचा वॉचमन विचारतो, पूजा आहे काय. मी म्हटलं, होय, सुभेदाराच्या पायाची."

"हवालदार," आतून आवाज आला.

"अजून तेच! पाय गेला तरी मान्य करणार नाय."

'पाय गेला' हे शब्द ऐकून मी दचकलो. इनासकाकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मोळी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "जाणार नाय रे. माझा कुठं गेला?" आणि चप्पल काढून आपलं पाऊल दाखवलं. फावड्याचा वण अजून होता, पांढरा, सरळ.

कोवळी पानं मी कापली, दांडा काढला. दोन फाटली. कापडाच्या घडीत घालून कुकरमध्ये ठेवली. शिट्टी झाली आणि वास आला. वीणा म्हणाली, "पानग्या करतोय की मलमपट्टी?" तिचे डोळे भरले होते, म्हणून ती विनोद करत होती. सुकेळीचा पुडा तसाच उघडा होता ओट्यावर.

मी हात कोपरापर्यंत धुतले. खोलीत गेलो. नाना म्हणाले, "आधी माणसाकडे बघ. मग जखमेकडे." मी त्यांच्याकडे बघितलं. दाढी वाढली होती. मी गॅलरीत असताना ती वाढली होती. "आता सोड पट्टी. सलाइनने भिजव आधी, ओढू नकोस. हां. आता बघ."

मी बघितलं. घाबरत होतो तितकं ते भयंकर नव्हतं आणि मनात धरलं होतं त्यापेक्षा जास्त खरं होतं. मध्ये पिवळट, कडेने लाल, आणि एका बाजूला अगदी पातळ, गुलाबी कड. "गुलाबी दिसते?" नाना विचारत होते. त्यांना स्वतःला मान वळवून दिसत नव्हतं. "दिसते," मी म्हणालो. "किती?" "नखाएवढी." "आली तर मग," ते म्हणाले, एखादी गाडी आली म्हणावं तसं.

बाकी ते सांगत गेले, मी करत गेलो. घोट्याच्या वर, जिथे अजून जाणीव आहे, तिथे हात लागला तेव्हा त्यांनी दात आवळले. माझा हात थांबला. "थांबू नकोस. थांबलास की जास्त दुखतं." पानाची गुळगुळीत बाजू खाली. वर कापड. मग पट्टी. वेढा, अर्धी घडी उलटी, वेढा. माझ्या हाताला ते येत होतं. सुकेळीच्या पुड्यांवर मी ते कधी शिकलो, मला कळलंच नव्हतं.

"गाठ?"

"चपटी. बाजूला."

"फोटो काढ."

फोटो काढला, पाठवला. ट्रे उचलून उठणार, तेवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं. जुन्या सवयीने, नाडी बघावी तसं. बाहेर इनासकाका वीणाला सांगत होते की सुकेळी फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस नरकात जातो.

"कुठं लागलंय ते माझं मला कळलं," नाना म्हणाले. "तुलाही कुठंतरी लागलंय, ते मी रोज बघतोय. तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. मी विचारत नाही, ती माझी खोड. आता विचारतो. कसं लागलं?"

मी खाली बसलो. फरशी गार होती. मी सगळं सांगितलं. पिशवी, पाणी किती गरम होतं ते, आणि ते वाक्य, जे डॉक्टर माझ्या एकट्याशी बोलले होते. मला ते माहीत होतं हे सांगितलं. का ठेवली तेही सांगितलं. पाय गार पडतात हे मला ऐकवत नव्हतं. मी तुम्हाला तिथून इथे आणलं, हे मला ऐकवत नव्हतं.

नाना ऐकत होते. मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझं संपल्यावर त्यांनी मनगट सोडलं, पट्टीच्या गाठीवरून बोट फिरवून बघितलं, थोडी सैल होती ती ओढून घेतली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या किती वाजता बदलायची?"